पाच फूट शिल्लक

होडीला ब्रेक नसतो, ही गोष्ट विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. साडूभाऊंनी आणि मी मिळून फायबरची जुनी होडी घेतली तेव्हा इंजिन किती हॉर्सपॉवरचं, पेट्रोल किती पितं, तळाला कुठं चीर आहे का, कागद कुणाच्या नावावर, असे सगळे शहाणे प्रश्न आम्ही विचारले. विकणाऱ्यानं इंजिन सुरू करून दाखवलं, खाडीत एक फेरी मारून दाखवली. आता थांबवून दाखवा, असं काही आम्ही म्हणालो नाही. पाण्यात थांबायचं म्हणजे इंजिन बंद करायचं, एवढं कुणालाही कळतं. इंजिन बंद झाल्यावरच होडी खरी चालायला लागते, कधी वाऱ्याच्या तर कधी पाण्याच्या ओढीच्या मर्जीनं, आणि ही मर्जी बहुतेक वेळा खडकांच्या बाजूची असते, हे ज्ञान पैसे दिल्यानंतरचं.

आम्ही दोघं रेवदंड्याचे जावई. कुंडलिका समुद्राला मिळते तिथं उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला कोर्लईचा किल्ला आणि मधे खाडी. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, याच पाण्याकाठी वाढलेल्या. मी ठाण्याचा, सहकारी बँकेच्या कर्जखात्यातून निवृत्त झालेला. साडूभाऊ पुण्याचे, पाटबंधारे खात्यातले अभियंते. आपलं आयुष्य पाण्यात गेलं असं ते अभिमानानं सांगतात. पण ते पाणी भिंतीआड उभं राहणारं, दार उघडलं तरच सुटणारं. दिवसातून दोनदा कुणाची मंजुरी न घेता येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याशी त्यांचा पत्रव्यवहार झालेला नव्हता.

नांगराची निवड माझ्याकडे आली, कारण तारण कसं असावं हे पाहण्यातच माझी हयात गेली होती. ऑनलाइन दुकानात मला एक गोंडस नांगर दिसला. चार पाकळ्यांचा, मिटवून पिशवीत बसणारा, उचलायला हलका. सोबत हिरवी प्लॅस्टिकची दोरी फुकट. दोरी १५ फूट होती. शेजारी ज्याची मोठी होडी उभी असते त्या नाखव्याला मी विचारलं, की समोर पाणी किती असेल? तो म्हणाला, आता असंल धा फूट. मी हिशेब केला. पाणी १० फूट, दोरी १५ फूट, शिल्लक ५ फूट. बँकेतल्या माणसाला आणखी काय हवं असतं? नाखव्यानं दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ‘बरं’ म्हणाला. कोकणात ‘बरं’ असं कुणी म्हणालं की आपण काहीतरी चुकतोय हे ओळखावं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

खाडीच्या मध्यावर जाऊन मी नांगर टाकला. गळ सोडले. घरून आणलेल्या घावण्यांचा डबा संपवला. वारा छान होता, मासा एकही नव्हता, त्यामुळे दोघांनाही झोप लागली. जाग आली ती हाकेनं. नाखवा आपल्या होडीवरून हात हलवत होता.

“ओ साहेब, तुमची होरी चालली!”

“नांगर टाकलाय!” मी पडल्या पडल्या ओरडून सांगितलं.

“नांगर पन चाललाय!”

उठून पाहतो तो साळावचा पूल, जो झोपण्यापूर्वी बराच लांब होता, तो आता पाहुण्यासारखा दारात उभा. आम्ही निघालो तेव्हा ओहोटी संपली होती. नाखव्यानं सांगितलेले १० फूट ते तेव्हाचे. नंतर भरती लागली आणि आम्ही झोपेत असताना पाणी आमची पाच फूट शिल्लक खाऊन, मुद्दलही ओलांडून वर गेलं. नांगर तळ सोडून होडीखाली लटकत होता. चार पाकळ्या उघडून, मधल्या पाण्यात, कशालाही न धरता. आम्ही त्याला खाडीची सैर घडवत होतो. भरतीच्या ओढीनं होडी पुलाखालून रोह्याच्या दिशेला निघाली होती आणि नाखव्यानं दोर टाकून ओढून आणलं नसतं तर आमचा पुढचा मुक्काम कुठल्या गावी असता, सांगता येत नाही.

त्यानंतर मी अभ्यासाला लागलो. माझा स्वभावच असा आहे की फजिती झाल्याशिवाय मी पुस्तक उघडत नाही, आणि उघडलं की घरातल्यांना सोडत नाही.

पहिला धक्का असा बसला की नांगर वजनानं होडी धरत नाही. आपल्याला वाटतं जड लोखंड तळाला बसलं, झालं काम. छोट्या होडीला वाऱ्यात धरून ठेवायला नुसतं वजन लावायचं तर ते उचलायला क्रेन लागेल. नांगर धरतो तो तळात रुतून, आणि रुततो तो आडवी ओढ मिळाली तरच. ओढ जमिनीलगत असली की त्याचा फाळ खोल शिरत जातो. ओढ वरून आली की तोच फाळ सहज उपसून निघतो. म्हणूनच तर नांगर उचलताना होडी त्याच्या बरोबर डोक्यावर नेतात आणि सरळ वर ओढतात. म्हणजे मी टाकताना जी व्यवस्था केली होती ती जाणकार लोक काढताना करतात.

ओढ आडवी ठेवायला दोर लांब लागतो. किती लांब? पाण्याची खोली, अधिक होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची, अधिक भरतीला चढणारं पाणी, आणि या बेरजेच्या निदान पाचपट. वारा असेल तर सातपट. सातपट सोडला तर दोर तळाशी जेमतेम आठ अंशांचा कोन करतो. माझी पट होती दीड, तीही ओहोटीच्या पाण्यात आणि नाळेची उंची न धरता.

आणि नांगर व दोर यांच्या मधे साखळी लागते. साखळी का, याचं उत्तर मला फार आवडलं. ती जड असते म्हणून तळावर लोळत राहते आणि ओढ जमिनीलगत ठेवते. वाऱ्याचा झोत आला की आधी ती साखळी उचलावी लागते, त्यातच बराचसा झटका जिरतो. शिवाय खडकावरच्या कालवांच्या कडा धारदार असतात, दोर तिथं घासला तर तुटतो, साखळीला काही होत नाही. मग सगळीच साखळी का नको? तर छोट्या होडीचं पुढचं टोक त्या वजनानं पाण्यात वाकतं आणि उचलणाऱ्याची पाठ त्याच्या आधी. म्हणून खाली थोडी साखळी, वर नायलॉनचा दोर. नायलॉन ताणतो, लाटेचा हिसका सोसतो आणि पाण्यात बुडतो. माझी फुकटची हिरवी दोरी तरंगत होती, म्हणजे शेजाऱ्याच्या इंजिनाच्या पंख्यात अडकायला कायम वर हजर.

नांगराच्या जातीही मी वाचल्या. शेतातल्या नांगराच्या फाळाच्या घडणीचा नांगर जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञानं १९३३ मध्ये काढला. हवेतली आणि पाण्यातली खळबळ गणितात कशी मांडायची यावर ज्यानं मूलभूत काम केलं तोच हा माणूस, आणि शिडाच्या नौकेचा शौकीन. एवढ्या मोठ्या गणितज्ञालाही होडी एका जागी थांबवण्याचा प्रश्न छळत होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. साडूभाऊंना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “त्याला जमलं, आपल्याला नाही, एवढाच फरक.”

खरेदीला आम्ही मुंबईत मस्जिद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर गेलो. फाळाचा नांगर आधीच मिळाला होता. इथं साखळी, दोर आणि ते एकमेकांना जोडणारे शॅकल घ्यायचे होते. दुकानदारानं विचारलं, किती किलो? मी म्हणालो, सहा मीटर. तो म्हणाला, साखळी वजनावर मिळते. जस्ताचा मुलामा दिलेली ८ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते, हे मी पाठ करून आलो होतो. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा एका दुकानदारासमोर मी तोंडी गुणाकार करून ‘साडेआठ किलो’ म्हणालो आणि त्यानं मला गिऱ्हाईक म्हणून मान दिला. दोर ३० मीटर. तोही किलोवर. मग ती साखळी भाजीच्या पिशवीत घालून संध्याकाळच्या लोकलनं ठाण्यापर्यंत आणली. डब्यात पिशवी जिच्या पायावर टेकली ती बाई आधी रागावली. मग आत काय आहे ते पाहून काहीही न बोलता दारापाशी जाऊन उभी राहिली.

शॅकलच्या पिनेला तार गुंडाळायची असते, नाहीतर पाण्यात हलून हलून पीन आपोआप उलगडते. दोराच्या टोकाला थिंबल नावाचं लोखंडी कडं बसवून त्यावर दोर विणायचा असतो. दर पाच मीटरला रंगीत धागा बांधायचा असतो, किती सोडला ते कळावं म्हणून. हे सगळं मी हॉलमध्ये बसून केलं. आणि दोराचं दुसरं टोक होडीला आधी बांधायचं, मग नांगर फेकायचा, हे कागदावर लिहून होडीत डकवलं. ही गोष्ट लिहून ठेवावी लागते यावर बायको हसली. तिला म्हटलं, हसू नकोस, या एका कारणानं किती नांगर समुद्राच्या तळाशी बेवारस पडले असतील याची कल्पना कर.

प्रत्यक्ष खाडीत जाण्यापूर्वी कोरडी चाचणी घ्यावी, ही कल्पना साडूभाऊंची. अभियंत्याला मॉडेल लागतं. ते पुण्याहून आले आणि आम्ही आमच्या सोसायटीच्या लॉनवर नांगर ठेवला. आधी वाईट उदाहरण. मी पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत उभा राहून दोर ओढला. नांगर लगेच उडी मारून वर आला आणि गुलाबाच्या कुंडीवर पडला. सिद्धान्त बरोबर निघाला. मग चांगलं उदाहरण. साखळी जोडली, दोर गेटपर्यंत पसरला आणि दोघांनी मिळून जमिनीलगत ओढला. आणि काय सांगू, नांगर आडवा झाला, नाक खाली घातलं आणि हिरवळीखाली शिरू लागला. आम्ही ओढत होतो, तो खोल जात होता, मागे काळ्या मातीचा सरळ तास पडत होता. इतका सुंदर तास मी आजवर काढलेला नाही. साडूभाऊ ‘अजून, अजून’ म्हणत होते. मग आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि लॉनच्या मधोमध कारंजं उडालं. तुषार सिंचनाच्या नळीला आडव्या ओढीचा फाळ सोडत नाही, हेही सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: सभासदांनी लॉनवर क्रिकेट खेळू नये, पाळीव प्राणी आणू नयेत व शेती करू नये.

आता आम्ही तयार होतो. रेवदंड्याच्या कोळ्यांच्या होड्या जिथं गर्दीनं उभ्या असतात तिथं मधे थोडी जागा पाहून मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. नांगर फेकला नाही, हळू सोडला. होडी मागे सरकू दिली, दोर एकेका धाग्याच्या खुणेनं सोडला, सातपट. इंजिन उलटं फिरवून नांगर रुतवला. ताणलेल्या दोरावर हात ठेवून पाहिला. नांगर तळावरून घसरत असेल तर दोरात थरथर जाणवते, रुतला असेल तर दोर निमूट राहतो. निमूट होता. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या आणि ती रेषा मोडते का पाहायचं, म्हणजे होडी सरकली की कळतं. मी एक माड आणि त्यामागचा पांढरा टेंपो धरला. थोड्या वेळानं रेषा मोडली. मी धावपळ करून इंजिन सुरू केलं. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, “टेंपो गेला.”

एवढं सोडलं तर नांगर खरोखर हलला नाही. हलली ती होडी, नांगराभोवती. सातपट दोर म्हणजे सातपट त्रिज्या, हे गणित मी केलं होतं आणि एका कोपऱ्यात सोडून दिलं होतं. पाण्याची ओढ फिरली तसे कोळ्यांचे जड ट्रॉलर सावकाश ओढीप्रमाणे वळले. आमचं हलकं फायबर समुद्राकडून येणाऱ्या दुपारच्या वाऱ्याचं ऐकत होतं. त्यामुळे सगळे एका दिशेला आणि आम्ही उलट्या दिशेला, असं एक लांबलचक वर्तुळ आम्ही सुरू केलं. एकेका होडीच्या कडेला लागत, माफी मागत, पुढच्या होडीकडे जात. आमचा उत्तम नायलॉन दोर एका नांगराखालून गेला, दुसऱ्यावरून आला. एका ट्रॉलरवर कुणीतरी बांगडे भाजत होतं. त्यानं एका हातानं बांबू घेऊन आम्हाला ढकललं आणि दुसऱ्या हातानं बांगडा उलटला. माफ केलं की काय, कळलं नाही. नाखवा आला, सगळी गुंतवळ त्यानं न बोलता सोडवली आणि मग म्हणाला, “साहेब, तुमचा दोर लय चांगला. पन तुमी जरा लांब जा.”

म्हणून पुढच्या वेळी आम्ही लांब गेलो.

दिवस कोजागरीचा. दोन्ही बहिणी माहेरी. रात्री अंगणात दूध आटवायचं ठरलेलं. दुपारच्या आत मासे आणतो असं सांगून आम्ही निघालो. निघताना नाखव्याला विचारलं, “आज पाणी कसं?” तो म्हणाला, “पुनव ना, उधान हाय.” उधाण म्हणजे पाणी खूप चढणार. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका ओळीत येऊन ओढतात म्हणून, हे मी साडूभाऊंना समजावून सांगितलं. मागे पाणी चढून आमची अब्रू गेली होती, म्हणून आता चढण्याच्या बाबतीत आम्ही गाफील राहणार नव्हतो.

खाडीच्या एका बाजूला मोठी मोकळी जागा मिळाली. एकही होडी नाही. एवढी प्रशस्त जागा कोळ्यांनी कशी काय सोडली, याचं साडूभाऊंना आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, त्यांचं सगळं सवयीवर चालतं. वल्ह्यानं खोली मोजली, ६ फूट. नाळेची उंची २ फूट. भरतीची चढ ८ फूट धरली. बेरीज १६, गुणिले ७, म्हणजे ११२ फूट. जवळजवळ सगळा दोर आणि सगळी साखळी सोडली. नांगर रुतवला. दोर निमूट. रेषेसाठी या वेळी कोर्लईच्या किल्ल्याचं टोक आणि एक माड घेतला, दोन्ही जागेवर राहणारे. भोवती वर्तुळभर कुणी नाही. साडेअकरा वाजले होते. मी आयुष्यात इतका नीट नांगर टाकला नव्हता.

आम्ही भरतीची वाट पाहत डबा खाल्ला. बोलता बोलता साडूभाऊ म्हणाले, पाणी अजून चढायला कसं लागलं नाही? पाण्याचा रंग बदलला, कडेचे दगड दिसू लागले, मग त्यांच्या खालचे दगड. मी म्हटलं, चढण्यापूर्वी असं होत असेल. मग खालून एक हलकासा धक्का बसला आणि होडी इतकी स्थिर झाली की मला क्षणभर धन्य वाटलं. साडेअकराला होती तीच भरती. पुरी झालेली. उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं, ही दुसरी बाजू आम्ही खात्यात धरलीच नव्हती.

इंजिनाचा पंखा चिखलात, वल्हं चिखलात. अर्ध्या तासात आमच्या चारी बाजूंना चकाकता करडा चिखल, त्यावर पळणारे खेकडे आणि मधोमध आम्ही, टोप्या घालून. आणि समोर माझी सगळी कामगिरी उघडी पडलेली. होडीपासून निघालेला दोर सरळ रेषेत, मग साखळी जमिनीलगत पडलेली, आणि टोकाला नांगर पूर्ण गाडलेला, नुसती दांडीची कडी वर. नांगर तळाशी कसा धरून बसतो हे पाहायला लोक पाण्यात बुड्या मारतात, आम्हाला ते बसल्या जागी दिसत होतं. साडूभाऊंनी मनातल्या मनात हिशेब केला. “खोली शून्य, नाळ २ फूट, दोर ११२,” ते म्हणाले. “पट आता ५६ झाली.”

कडेच्या रेतीवरून एक म्हातारी टोपली घेऊन तिसऱ्या गोळा करत चालली होती. ती थांबली, आमच्याकडे पाहू लागली. मला राहवलं नाही. मी ओरडून म्हटलं, “आजी, नांगर बघा कसा रुतलाय!”

“होरी पन रुतलेय,” ती म्हणाली आणि पुढे गेली.

पाच वाजून गेल्यावर बायकोचा फोन आला.

“अहो, मासे राहू द्या. कुठं आहात?”

“खाडीत. नांगर टाकलाय.”

“घट्ट आहे ना? मागच्यासारखी होडी कुठं जायची नाही ना?”

“अजिबात नाही. जागेवर आहे.”

“कुठं पण?”

मी जागा सांगितली. पलीकडे थोडा वेळ काहीच आलं नाही. मग तिनं बहिणीला हाक मारून काहीतरी सांगितल्याचं ऐकू आलं आणि दोघींचं हसणं.

“अहो, तिथं आम्ही लहानपणी चालत जायचो, तिसऱ्या काढायला! बाबा सांगायचे, तिथीची पाऊणपट करा. पुनवेची पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. तेव्हा भरती. आता पाणी लागेल ते रात्रीच, तोवर बसून राहा. दूध ठेवते तुमच्या वाटचं. आणि काही झालं तरी खाली उतरू नका. कडेला रेती आहे, मधे मांडीपर्यंत चिखल आहे.”

मी फोन ठेवून साडूभाऊंना हे सांगायला वळलो. ते होडीत नव्हते. नांगर जवळून पाहायला ते साखळीच्या कडेकडेनं निघाले होते आणि बरोबर मांडीपर्यंत पोचले होते.

“साखळी धरा!” मी ओरडलो.

त्यांनी साखळी धरली आणि सगळं वजन तिच्यावर टाकून स्वतःला उपसायला लागले. मी नाळेवरून दोर ताणून धरला. ओढ आडवी होती, साखळी जमिनीलगत होती. नांगर तसूभरही हलला नाही. साडूभाऊ हलले, आणि हात-हात सरकत होडीकडे परत आले, दोन्ही चपला तिथंच ठेवून.